हुबेहूबपणा आणि प्रामाणिकपणा

आमच्यासमोर एका आगगाडीचे छायाचित्र आहे. खोल दरीवर उभारलेल्या उंच पुलावरून एक इंजिन डबे ओढीत चालले आहे. इंजिनाच्या अंगावर काजळी साचली आहे, लोखंडावरून गंजाचे ओघळ उतरले आहेत, पुलाची लाकडे ऊनपावसाने करडी पडली आहेत, आणि मागे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेल्या आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एखाद्या खाणींच्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी हे चित्र घेतले असावे, असे पाहणारा निःशंकपणे म्हणेल. परंतु तो डोंगर, ती दरी, तो पूल आणि ती गाडी ही सारी कॅलिफोर्नियातील माँटरे या गावी एका घराच्या तळघरात होती. डोंगर प्लास्टरचा होता आणि इंजिन वीतभर लांबीचे होते.

ही रचना जॉन अ‍ॅलन या गृहस्थांची. ते १९१३ साली जन्मले. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय होता, आणि आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी एका काल्पनिक लोहमार्गास वाहिली. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे साडेपाच फूट उंचीचा माणूस या जगात १९ मिलिमीटरांचा होतो. अ‍ॅलन यांचे वैशिष्ट्य असे की, इतर हौशी लोक बहुधा नवी कोरी, चकचकीत इंजिने मांडीत असता ते आपल्या वस्तूंस बुद्ध्या म्हातारपण आणीत. काळ्या रंगाचे पातळ पाणी फटींत जिरवावे, खडूची पूड बोटाने चोळावी, एखादी फळी मोडून तशीच ठेवावी. जे काम काळाने पन्नास वर्षांत करावयाचे ते अ‍ॅलन एका संध्याकाळी करीत. मग कॅमेऱ्याची पाळी. तो वरून रोखला तर खेळणे दिसते; तोच त्या १९ मिलिमीटरांच्या माणसाच्या डोळ्याइतका खाली आणला की डोंगर एकाएकी डोंगर होतो. सूर्य एकच असतो, म्हणून मुख्य दिवाही एकच पाहिजे. जवळची वस्तू स्पष्ट आणि दूरची अंधुक असे दिसले की लहानपणाचे बिंग फुटते. म्हणून भिंगापुढचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे बारीक करून प्रकाश बराच वेळ आत येऊ द्यावयाचा, अशी जुनी युक्ती आहे. हल्ली निरनिराळ्या अंतरांवर रोखून घेतलेली वीसपंचवीस चित्रे संगणकाच्या साहाय्याने एकत्र करतात, हेतू तोच.

आता प्रश्न असा की, ही प्रतारणा नव्हे काय? जे जुने नाही ते जुने दाखवावे, जे मोठे नाही ते मोठे भासवावे, आणि पाहणाऱ्याने फसावे यासाठी इतका खटाटोप करावा, याला एरव्ही आपण बाजारात काय म्हणतो? नव्या मूर्तीला चिंचेचे पाणी लावून ती पुरातन म्हणून विकणाऱ्या मनुष्यास आपण कारागीर म्हणत नाही.

आमच्या मते अ‍ॅलन यांच्यावर हा आरोप टिकत नाही, आणि त्याचे कारण पैसा घेतला की नाही घेतला हे नव्हे. त्यांनी आपल्या लोहमार्गाचे नाव 'गोरी अँड डिफीटेड' असे उच्चारावयाचे ठेविले होते, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! डबे इकडून तिकडे हलविण्याच्या कामावर त्यांनी एका स्टेशनात पाठीवर काटे असलेला एक प्राचीन महाकाय सरडा नेमला होता आणि त्याचे नाव एमा असे होते. इतक्या बारकाईने काजळी रंगविणारा मनुष्य मध्येच असा सरडा उभा करतो, तेव्हा तो प्रेक्षकास डोळा घालून सांगत असतो की, बाबा रे, हा आपणा दोघांचा खेळ आहे. आपल्याकडील दिवाळीतील किल्ला आठवावा. बुरुजाच्या दुप्पट उंचीचा वाघ गुहेत बसलेला असतो, हळिवाच्या शेतातून एखादी मोटार चाललेली असते आणि शिवाजीमहाराज सिंहासनावरून ती शांतपणे पाहत असतात. त्या मुलांवर असत्यभाषणाचा आळ कोणी घेत नाही. खेळ खेळ म्हणून मांडला, की त्यातील खोटे हे खोटे राहत नाही.

परंतु सर्वच रचना खेळ म्हणून मांडलेल्या नसतात. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन म्हणून एक संग्रहालय १९५४ पासून आहे. ते रॉय इंग्लंड या गृहस्थांनी स्थापिले. १९२५ साली ते ऑस्ट्रेलियातून आले, 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या खोऱ्यातील गवताने शाकारलेली घरे त्यांनी पाहिली, आणि ती घरे एकामागून एक पाडली किंवा बदलली जात आहेत हे पाहून ते कष्टी झाले. घरे वाचविणे हाती नव्हते. तेव्हा ती मोजून घेऊन फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात पुन्हा बांधावी असा त्यांनी संकल्प केला. पुठ्ठ्यावर एकेक वीट कोरावयाची, एकेक वीट जलरंगाने निराळी रंगवावयाची, परसातील भाजीपालाही सोडावयाचा नाही. रॉय इंग्लंड १९९५ साली वारले. त्यांच्यामागे मंडळींनी हे काम चालू ठेविले आहे. १९३० नंतरच्या दशकातील त्या खोऱ्याचे असे विस्तीर्ण दृश्य तेथे पाहावयास मिळते, आणि त्यामधून अर्थातच आगगाडी धावते.

येथे सरडा चालणार नाही. हा मनुष्य प्रेक्षकास डोळा घालीत नाही. तो शपथेवर सांगतो की हे असे होते. कवी आणि साक्षीदार या दोघांच्या हाती एकच भाषा असली तरी दोघांची जबाबदारी एक नसते.

साक्षीदारासही अर्थात सर्व काही सांगता येत नाही. एक मैल अंतर एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाने साठ फुटांहून अधिक होते. तेव्हा दोन स्टेशनांमधील खरे अंतर मांडावयाचे तर घर विकून गोदाम घ्यावे लागेल. म्हणून वाट आखडावी लागते, दहा घरांच्या जागी चार घरे ठेवावी लागतात. पाणी लहान होत नाही, धूर लहान होत नाही, धूळ तर मुळीच होत नाही. प्रतिकृती म्हणजे वगळण्याची कला होय, असे म्हटले तरी चालेल. मग वगळणे हा दोष नव्हे. कोणते वगळणे दोषास्पद, एवढाच प्रश्न उरतो. याचे उत्तर आम्ही पुस्तकांतून शोधीत बसलो असतो, परंतु ते आमच्या एका स्नेह्यांच्या घरी, नको इतक्या जवळून, आमच्यापुढे आले.

हे स्नेही पुण्यात राहतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेवरील एका लहानशा स्टेशनाची प्रतिकृती करावयास घेतली. १८९७ साली सुरू झालेला, अडीच फूट रुंदीचा हा मार्ग. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने तो बांधला, १९२७ पर्यंत तो मिरजेस भिडला, १९५४ साली सरकारजमा झाला, आणि आता त्याच्या जागी रुंद रूळ पडले आहेत. पंढरीची वाट म्हणून आमच्याकडील कित्येक घरांत त्याचे नाव अद्याप निघते. आमच्या स्नेह्यांनी अकरा फूट लांबीच्या फळीवर ९ मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग टाकला. मूळ स्टेशनाच्या जागेवरची काळी माती पिशवीतून आणली व मलमलीतून गाळून पसरली. वाळक्या झुडपांच्या काटक्यांना रंगविलेला भुसा चिकटवून बाभळी केल्या, आणि औषधाच्या गोळ्यांच्या वेष्टनातील चांदीचा कागद कंगव्याच्या दात्यांवर दाबून जस्ती पत्र्याचे छप्पर केले. वर्ष ठरविले १९४०. त्या वर्षी कोणत्या आकाराची इंजिने धावत, सिग्नलाचा हात कोणत्या बाजूस असे, यासाठी त्यांनी जे श्रम घेतले ते पाहून त्यांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हती यांनी."

काम पुरे झाल्यावर त्यांनी त्याचे एक छायाचित्र घेतले, आणि ते जुन्या चित्रासारखे करडे करून छापले. त्याच सुमारास त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. या गृहस्थांस सर्वजण नाना म्हणत. वय शहाऐंशी. त्यांचे वडील त्याच मार्गावर सांधेवाले होते आणि नानांचे बालपण त्याच स्टेशनाच्या आवारात गेले होते. स्नेह्यांनी काही न सांगता चित्र त्यांच्या हाती दिले. आम्ही तेथे होतो. खरे सांगावयाचे तर चित्र न सांगता द्यावे ही सूचना आमचीच होती. वृद्धाचे डोळे फसतात की नाही हे पाहण्याची गंमत आम्हांस वाटली होती.

नानांनी भिंग मागविले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमचंच स्टेशन. ही बाभूळ, हे मास्तरांचं दार." आमच्या स्नेह्यांचा चेहरा उजळला. नाना भिंग सरकवीत छपराखालील पाण्याच्या तिकाटण्यापाशी आले आणि थांबले.

"हे केव्हाचं?"

"१९४० चं, नाना," स्नेही म्हणाले.

"चाळीस सालचं कसं असेल? इथं माठ एकच आहे."

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील असंख्य स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' निरनिराळे असे. चहासुद्धा निराळा मिळे. ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांनी अनेक ठिकाणी कोणत्याच भांड्यास हात न लावता, वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यावयाचे. ही गोष्ट आमच्या स्नेह्यांस माहीत नव्हती असे नाही. त्यांनी पाहिलेल्या कागदांत व चित्रांत ती होती. परंतु माठ करावयास बसल्यावर त्यांनी एकच केला, त्यावर तांबडे फडके घातले, आणि पुढच्या कामास लागले. दुसरा करावा असे हाताला वाटले नाही, असे ते नंतर आम्हांस म्हणाले.

नाना चित्राकडे पाहतच होते. ते हळूच म्हणाले, "मी बारा वर्षांचा असेन. तहान लागली होती, आणि दुसऱ्या माठातलं पाणी प्यालो. बापानं सगळ्या फलाटावरून मारत नेलं मला." काही वेळाने पुन्हा म्हणाले, "पण फोटोत तर एकच आहे. माझंच काहीतरी चुकत असेल. आता काही धड आठवत नाही." आणि मग चित्र खाली ठेवीत, कोणाला उद्देशून ते कळले नाही, "मग बापानं मारलं ते कशाबद्दल?"

त्या क्षणी आम्हांस जे वाटले त्याला लाज याहून निराळे नाव नाही. ज्याने ती जागा आपल्या देहावर अनुभविली होती, तो मनुष्य एका फळीवरील रंगविलेल्या कागदापुढे आपली साक्ष मागे घेत होता. पत्र्याच्या एकेका पन्हळीपर्यंत खरेपणा सांभाळला म्हणूनच हे झाले. चित्र ओबडधोबड असते तर नाना हसून म्हणाले असते, अरे, दुसरा माठ राहिला तुझा. हुबेहूबपणाने जो विश्वास मिळविला, त्याच विश्वासाच्या आश्रयाने खोटे आत शिरले. शंभर बारीक गोष्टींत खरे बोलणाऱ्याचे एकशे एकावे असत्य सर्वांत अधिक घातक असते, हे आम्ही न्यायालयातील साक्षींविषयी ऐकले होते. एकोणीस मिलिमीटरांच्या जगातही तोच न्याय चालतो हे त्या दिवशी पाहिले.

स्नेह्यांनी लगेच सर्व सांगितले, हे येथे नमूद केले पाहिजे. नाना प्रथम रागावले, मग भिंग पुन्हा उचलून म्हणाले, "मग जागा नव्हती की काय दुसऱ्या माठाला?"

जागा होती. साधारण दीड फूट उंचीचा माठ या प्रमाणात पाच मिलिमीटरांचा होतो. मैल आखडणे ही गरज होय; माठ आखडणे ही सोय होय. ज्या वगळण्याने जागा वाचते ते क्षम्य, आणि ज्या वगळण्याने आपले मन वाचते ते तपासून पाहण्यासारखे, एवढी कसोटी तरी आम्हांस या प्रकरणातून मिळाली. ती आमच्यापुरतीच आहे असेही नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील स्टेशनांवर गोऱ्यांचे व काळ्यांचे प्रतीक्षालय निराळे असे, आणि ही पद्धत १९५० नंतरच्या दशकापर्यंत, कोठे कोठे त्याहीनंतर, चालू होती. त्या काळाच्या व त्या मुलखाच्या अतिशय सुरेख रचनांची चित्रे आम्ही पाहिली आहेत. तेथे कोळशाच्या वखारीवरील जाहिरातीची अक्षरे बरोबर आहेत. परंतु आम्ही पाहिलेल्या चित्रांत तरी ती दोन दारे आम्हांस आढळली नाहीत. इकडे आणि तिकडे हात सारखेच थबकतात.

येथे कोणी म्हणेल की, एका छंदाविषयी इतके गंभीर बोलण्याचे कारण काय? एका माठाने कोणाचा जीव जातो? जीव जात नाही हे खरे. पण हुबेहूब स्टेशन उभारण्याच्या याच कसबाने जीव घेतल्याचे उदाहरण इतिहासात आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. पोलंडमधील ट्रेब्लिंका येथे जर्मन नाझींनी १९४२ व १९४३ या वर्षांत सात लक्षांहून अधिक ज्यू लोकांस ठार केले. लोक आगगाडीने आणले जात. त्यांना आपण एका साध्या स्टेशनात उतरलो असे वाटावे म्हणून १९४२ च्या अखेरीस तेथे खोटे स्टेशन उभे करण्यात आले. तिकिटांची खोटी खिडकी, गाड्यांची खोटी वेळापत्रके, पुढच्या गाडीची दिशा दाखविणाऱ्या पाट्या, आणि भिंतीवर एक रंगविलेले घड्याळ, ज्याचे काटे कधी हलले नाहीत. बारकाईत कसूर नव्हती. ती बारकाई कशासाठी होती हे वाचकांस सांगावयास नको.

त्याच छावणीत यांकेल व्हेर्निक नावाचा एक ज्यू सुतार कैदी होता. तेथील इमारती बांधण्याच्या कामास त्याला जुंपले होते. २ ऑगस्ट १९४३ रोजी कैद्यांनी बंड केले त्या वेळी तो निसटला. पुढे इस्राएलात गेल्यावर त्याने त्या छावणीची लाकडी प्रतिकृती आपल्या हातांनी केली. ती तेथील एका संग्रहालयात आहे. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइखमनवर खटला झाला तेव्हा व्हेर्निकने साक्ष दिली. एकाच जागेची ही दोन रूपे आमच्या मनातून जात नाहीत: एक पूर्ण आकाराचे व अंतर्बाह्य असत्य, दुसरे टेबलावर मावणारे व अक्षरशः सत्य. आकार, रंग, काजळी यांपैकी कशानेही खऱ्याखोट्याचा निर्णय होत नाही, याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही. ज्याला दाखवावयाचे त्याच्याशी दाखविणाऱ्याचे नाते कोणते, यावर सारे अवलंबून आहे.

आमच्या स्नेह्यांच्या फळीवर आता दोन माठ आहेत. प्रत्येकावर पाटी आहे, आणि थोडे दूर ओंजळ पुढे करून वाकलेला एक मनुष्य आहे. हे झाल्यावर प्रश्न सुटला असे आम्ही समजलो होतो. परंतु गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे पाहुणे आले. एक तरुण बाई फळीवर वाकून म्हणाल्या, "अय्या, किती गोड माठ आहेत हे! आणि पाट्या सुद्धा!" त्यांचा दोष नाही. लहान केलेल्या वस्तूचा हा धर्मच आहे की ती गोड होते. पाळण्यातले मूल, बाहुलीची भातुकली आणि पाच मिलिमीटरांचा माठ यांच्याकडे पाहणारा डोळा एकच असतो. दुसरा माठ वगळला तर असत्य होते. ठेविला तर लाजिरवाणी गोष्ट शोभेची वस्तू होते. यांपैकी कोणते वाईट? वगळणे वाईट, असे आमचे मत आहे, कारण गोड म्हणणाऱ्यास "हे काय आहे?" असे विचारावयास जागा तरी उरते. त्या बाईंच्या सात वर्षांच्या मुलाने ते विचारलेही. उत्तर देताना स्नेह्यांची जी त्रेधा उडाली ती पाहून त्यांच्या पत्नी आत निघून गेल्या. त्यांना हे सारे मुलांपुढे नको आहे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

नाना त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेले. नवे माठ त्यांनी पाहिले होते. भिंगातून पाहून त्यांनी एवढेच सांगितले की, मुसलमानांचा माठ डाव्या हाताला असे, तुम्ही उजव्या हाताला ठेविला आहे. तो आता डावीकडे आहे. नवे छायाचित्र मात्र अजून निघालेले नाही. कॅमेरा फलाटाच्या उंचीवर आणला की बाभूळ, मास्तरांचे दार आणि सिग्नल ही सारी नेमकी चौकटीत बसतात, आणि माठ एका खांबाच्या आड जातात. कॅमेरा चार बोटे सरकविला तर माठ दिसतात, पण चित्राची ठेवण बिघडते. आमचे स्नेही रोज संध्याकाळी दिवा लावतात, तिकाटणे इकडून तिकडे हलवितात, आणि दिवा मालवून जेवावयास जातात.